दोन्ही बाजूंनी घालायचा फ्रॉक

"हात वर," मी म्हटलं.

स्वातीने हात वर केले. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे आम्ही दोघंच होतो, मी गुडघे टेकून बसलेला आणि ती माझ्यासमोर उभी. मी तिच्या खांद्यांवरच्या नाड्या सोडल्या, पिवळा फ्रॉक डोक्यावरून काढला, उलटा केला आणि परत घातला. आता तो निळा झाला, पांढऱ्या ठिपक्यांचा. मग नाड्या बांधायला घेतल्या. वयाच्या चौदाव्या वर्षापासून सुई धरलेले हात ते, पण साधी गाठ बसेना.

"तुझं नाव काय?" मी हळू आवाजात विचारलं.

"रेवती दत्तात्रय बगाडे."

"शाब्बास!" मी तिच्या तळहातावर एक बटण ठेवलं. तिने मूठ मिटली. माझ्याकडे बघितलं नाही, पण ती कुणाकडेच बघत नसे, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

सव्वीस वर्षं झाली या गोष्टीला. फलटणला बाजारपेठेच्या टोकाला माझं दुकान होतं, एक मशीन माझं आणि एक बायकोचं. कुंदा ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची. मी शाळांचे गणवेश घ्यायचो. लग्नानंतर नऊ वर्षं पाळणा हलला नव्हता आणि मग हलला तो एकदम दोन पोरींनी. इतक्या सारख्या, की दवाखान्यातल्या नर्सला दुसऱ्या दिवशी आधीची कोणती ते सांगता येईना. नावं नक्षत्रांवरून ठेवली. सात मिनिटांनी मोठी ती स्वाती, धाकटी रेवती. घरीही गोंधळ व्हायला लागला तेव्हा मी माझ्या धंद्यातली युक्ती काढली. स्वातीच्या प्रत्येक कपड्याला आतून, मानेच्या मागे, तांबड्या दोऱ्याची फुली घालायची. रेवतीच्या कपड्याला हिरव्या.

दोन वर्षांच्या झाल्या आणि फुल्यांची गरज संपली. स्वाती बोलायला लागली. रेवती बोलली नाही.

रेवती हाकेलाही वळत नव्हती. मशीनच्या चाकापुढे बसायची आणि चाक थांबलं की स्वतःचं मनगट चावायची. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात दाबून घरभर धावत सुटायची. स्वाती मात्र गुणी. फळ्यावर एकदा दाखवलं की आकडे पाठ. माझी मापाची टेप घेऊन बसायची आणि एक ते साठ म्हणायची, मग साठपासून उलटे. एस.टी. स्टँडवर ऐकलेली घोषणा घरी येऊन तश्शीच्या तश्शी म्हणून दाखवायची, अगदी त्या बाईच्या हेलात. बटणांचा डबा दिला की लहानापासून मोठ्यापर्यंत सरळ ओळ लावायची, आणि मधलं एक कुणी काढलं की ते परत जागेवर ठेवल्याशिवाय जेवायची नाही. गिऱ्हाईक आलं की मी तिला काउंटरवर उभी करायचो. "आमची स्वाती बघा," म्हणायचो. माझी छाती दोन इंच फुगायची.

मी रोज दोघींना शेजारी उभं करून एकीवरून दुसरीचं माप काढत होतो. एकाच आईच्या, एकाच दिवशीच्या, एकाच ताटात जेवणाऱ्या. एक एवढी हुशार आहे म्हटल्यावर दुसरीत मुळात खोट असेलच कशी? उशीर होतोय इतकंच, असं मी कुंदाला सांगायचो. एका ताग्यातलं कापड आहे, एक तुकडा आधी धुतला गेला आणि एक नंतर धुतला जाईल. कुंदा पुढचा ब्लाउज मशीनखाली घ्यायची.

त्या वर्षी एप्रिलमध्ये तिने एका गिऱ्हाइकाकडून पुण्याच्या डॉक्टरांचा पत्ता मिळवला. लहान मुलांचे, त्यातही न बोलणाऱ्या मुलांचे डॉक्टर. तिने परस्पर फोन करून महिनाअखेरच्या गुरुवारची वेळही घेतली. मी भडकलो.

"एकदा तिथे नेलं की कपाळावर शिक्का बसला तिच्या," मी म्हटलं. "उद्या लग्नाच्या वेळी हीच माणसं विचारतील, वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला नेलं होतं म्हणून."

"चार वर्षांची होईल ती आता. लग्नाचं काय घेऊन बसलाय?"

"त्याच आठवड्यात सोमवारी शाळेत मुलाखत आहे. पोरांत मिसळली की बोलेल."

कुंदाने हातातला ब्लाउज खाली ठेवला. "बरं. दोघींना शाळेत घेतलं तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. पण घेतलं नाही, तर गुरुवारी मुकाट्याने एस.टी.त बसायचं. कबूल?"

"कबूल."

"माझ्या गळ्याला हात लावून म्हणा."

मी हात लावला. तेव्हा माझ्या डोक्यात काही नव्हतं. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ते आलं, आणि आल्यावर गेलं नाही.

त्या शाळेचे गणवेश नऊ वर्षं मीच शिवत होतो. दर उन्हाळ्यात मुलाखतीच्या दिवशी मी मापं घ्यायला तिथेच बसायचो, त्यामुळे सगळी पद्धत मला तोंडपाठ होती. पालकांना आत सोडत नाहीत. मूल एकटं जातं. मुख्याध्यापिका विद्वांस बाई पाच प्रश्न विचारतात, दरवर्षी तेच आणि त्याच क्रमाने. नाव काय, वडिलांचं नाव काय, हा चेंडू कोणत्या रंगाचा, सकाळी काय खाल्लंस, एक गाणं म्हण. चेंडू तांबडा असतो. तो बदललेला मी कधी पाहिला नव्हता.

पंधरा दिवस, दुपारी कुंदा रेवतीला घेऊन घरी गेली की मी दुकानाचं दार ओढून घ्यायचो. गुपचूप शिवलेला फ्रॉक स्वातीला पिवळी बाजू वर करून घालायचा आणि पाच प्रश्न. मग फ्रॉक उलटा, निळी बाजू वर, पुन्हा पाच प्रश्न. बरोबर उत्तराला एक बटण. तिसऱ्या दिवशी ती चुकायची थांबली. पिवळ्यात स्वाती, निळ्यात रेवती. इतकं चोख, की एकदा मला गंमत वाटून मी एकाच दमात चार वेळा फ्रॉक फिरवला, आणि चारही वेळा नाव बरोबर आलं. मी तिला उचलून तिचा पापा घेतला. ती अंग आखडून, हात लांब धरून राहिली. बटण मुठीत होतं ना.

दोघींसाठी तसेच फ्रॉक शिवले. कुंदा म्हणाली, "दोन्ही बाजूंनी? हौस आहे बाई तुम्हाला." मी हसलो. स्वाती पिवळ्यात आणि रेवती निळ्यात, असं ठरलं. रेवतीला शाळेची घंटा सोसणार नाही, म्हणून कुंदाने तिला घेऊन फाटकाबाहेर चिंचेखाली थांबावं, पंधरा नंबर आला की मी हाक मारीन, हेही मीच ठरवलं. स्वातीचा नंबर चौदा होता.

चौदा नंबर झकास गेला. दाराला अर्धा पडदा होता, तोही माझ्याच हातचा. मी त्याला कान लावून उभा होतो. प्रश्न त्याच क्रमाने आले आणि उत्तरं खणखणीत गेली. बाई मध्ये थोडा वेळ गप्प होत्या, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. पडद्यातून स्वाती बाहेर आली तशी मी तिला उचलली. "धाकटी आईजवळ आहे, आणतोच," असं शिपायाला सांगितलं आणि टाकीमागे गेलो.

नाड्या एकदाच्या बांधल्या. परत वऱ्हांड्यात आलो. फाटकापलीकडे चिंचेखाली निळा फ्रॉक दिसत होता, गोल गोल फिरणारा. कुंदा इकडेच बघत होती, पण गर्दीत मी तिला दिसलो नसेन.

"पंधरा," शिपाई ओरडला.

मी पडदा बाजूला केला आणि स्वातीला आत सोडलं.

"ये बाळ," बाईंचा आवाज आला. "तू आधी गाणं म्हणतेस का?"

हा प्रश्न शेवटी यायला हवा होता.

"रेवती दत्तात्रय बगाडे," स्वाती म्हणाली.

"छान नाव आहे. आणि हे बघ, हे काय आहे माझ्या हातात?"

"दत्तात्रय यशवंत बगाडे."

 मग खुर्ची सरकल्याचा आवाज. बाई उठून तिच्याजवळ गेल्या असाव्यात.

"तुला तहान लागलीय का? पाणी हवंय?"

"तांबडा."

"आई कुठे आहे तुझी?"

"दूध आणि पोळी."

मी पडद्याची किनार मुठीत धरली होती. आत जावं, पोरीला उचलावं आणि पळून जावं असं वाटत होतं, पण मी किनार सोडली नाही. पाचवा प्रश्न बाईंनी विचारलाच नाही. कुणी न विचारता स्वातीने आपलं गाणं सुरू केलं, सगळं म्हटलं, एकही शब्द न गाळता. शेवटी थांबली. मी पडद्याच्या कडेने पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिने उजवा तळहात पुढे धरला होता, उघडा. तिचे पाचही झाले होते. तिला तिची बटणं हवी होती.

बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आत या, बगाडे. दार लोटून घ्या."

मी आत गेलो तो हात जोडूनच. "बाई, चुकलं माझं. धाकटीला बोलायला जरा उशीर आहे, म्हणून हे केलं. काय बोलायचं ते मला बोला, गणवेशाचं काम काढून घ्या, पण पोरींना नाही म्हणू नका. पाया पडतो."

"चौदा नंबरच्या मुलीच्या गुडघ्याला जांभळं औषध लावलेलं होतं," बाई म्हणाल्या. "पंधरा नंबरच्याही. तेवढं कळतं मला. ते राहू द्या आता. बसा."

मी बाकावर टेकलो. लहान मुलांचं बाक, गुडघे हनुवटीला आले. स्वाती फळ्याजवळ गेली होती आणि खडूंचे तुकडे लांबीप्रमाणे लावत होती.

"जी बाहेर आहे तिला मी पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही. मला हिच्याबद्दल विचारायचंय."

"हिच्याबद्दल?" मला हसूच आलं. "हिचं काय बाई? हिला साठपर्यंत उलटे आकडे येतात. म्हणायला लावू?"

"नको. ही घरी काही मागते का?"

"मागायची वेळच येत नाही. आई सगळं हातात देते."

"काही दाखवायला आणते? बघा, चिमणी आली, असं बोट करून?"

मी आठवू लागलो. "शांत आहे जरा. एकटी खेळते."

"हा गुडघा फुटला तेव्हा कुणाकडे गेली?"

कुणाकडेच गेली नव्हती. दुकानाच्या पायरीवर पडली होती आणि उठून पुन्हा टेपशी बसली होती. टेपवर रक्त दिसलं तेव्हा कुंदाला कळलं. मी त्याचंही कौतुक केलं होतं, बघा कशी धीट आहे, डोळ्यात पाणी नाही म्हणून.

"बगाडे, ती तुम्हाला हाक मारते का?"

"मारते की," मी म्हटलं. लगेच म्हटलं, कारण असा प्रश्न कुणी बापाला विचारतं का?

बाई पेन खाली ठेवून वाट बघत राहिल्या. आणि मी बसल्या बसल्या शोधायला लागलो. सकाळी उठल्यावरची हाक, दुकानात आल्यावरची, बाजारातून परत आल्यावरची. माझं पूर्ण नाव तिने पंधरा दिवसांत हजार वेळा घेतलं असेल. दत्तात्रय यशवंत बगाडे. बाबा म्हणून तिने मला एकदाही हाक मारलेली नव्हती. एकदाही नाही. आणि हे मला त्या खोलीत, त्या बाकावर बसेपर्यंत कळलं नव्हतं. रेवती हाक मारत नाही म्हणून मी झुरत होतो. स्वाती मारत नाही हे मला ऐकूच आलं नव्हतं, ती एवढं बोलत होती ना.

"माझ्या भावाचा मुलगा असाच आहे," बाई म्हणाल्या. "चार वर्षांचा असताना तारीख सांगितली की वार सांगायचा. आम्ही त्याला पाहुण्यांपुढे उभा करायचो, टाळ्या वाजवायचो. त्यात दोन वर्षं घालवली आम्ही. मी डॉक्टर नाही, मी काही नाव देणार नाही त्याला. पण पुण्याला न्या. दोघींना न्या."

"एक चांगली आहे हो बाई," मी म्हटलं.  "एक तरी चांगली आहे."

"चांगल्या दोघीही आहेत. उशीर करू नका."

त्यांनी वही मिटली. प्रवेशाचं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मी स्वातीला उचलायला गेलो तशी ती खडूंकडे बघून किंचाळली. ओळ अर्धवट होती. बाई म्हणाल्या, "लावू द्या तिला." आम्ही दोघं उभे राहिलो आणि ती सगळे तुकडे लावीपर्यंत थांबलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला तर वाटत होतं, ती ओळ कधी संपूच नये. बाहेर जाऊन कुंदाला काय सांगू?

आम्ही फाटकाजवळ पोचलो आणि घंटा झाली. चिंचेखाली रेवतीने मनगट तोंडात घातलं. कुंदाने तिला पोटाशी घट्ट दाबलं आणि दोन्ही तळहातांनी तिचे कान झाकले. घंटा थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. मग तिने वर पाहिलं.

"पंधरा नंबर झाला का? हाक कशी नाही मारलीत?"

मग तिला स्वातीचा फ्रॉक दिसला. तिने एकदा रेवतीकडे पाहिलं, एकदा स्वातीकडे. दोघी निळ्या. तिने स्वातीला खांद्याला धरून वळवलं. मानेच्या मागे, निळ्या कापडावर, माझी तांबडी फुली लख्ख दिसत होती. सवयीने घातलेली. आतली बाजू बाहेर येणार, हे मी फ्रॉक शिवताना विसरलो होतो.

"हिलाच दोनदा पाठवलंत?"

"हो."

"अहो, काय केलंत हे?"

मला शपथ आठवली नाही, लाजही वाटली नाही. मी म्हटलं, "कुंदा, बाई म्हणतात की स्वातूलाही..." पुढचं निघेना. मी तिच्याकडे बघत राहिलो. आता ही कोसळणार, हिला सावरायला हवं, असं वाटून मी हात पुढेही केला होता.

ती कोसळली नाही. वाकून तिने स्वातीच्या मानेवरची फुली बोटाने दाबली, नाडीची गाठ सोडून नीट बांधली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"स्वातूचं. दीड वर्ष झालं असेल. मी आजारी पडले होते बघा, दोन दिवस उठले नव्हते. ही माझ्या अंगावरून जायची-यायची आणि आकडे म्हणायची. एकदा सुद्धा थांबली नाही माझ्याजवळ." तिने कमरेचा बटवा सोडला आणि घडी घातलेला कागद काढला. गुरुवारच्या वेळेचा. तिच्या अक्षरात दोन्ही नावं लिहिलेली होती. आधी स्वाती, मग रेवती. "मी डॉक्टरांना दोघींसाठी वेळ मागितली."

"मग मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलोच. फाटकापाशी उभी असलेली माणसं बघायला लागली. "दीड वर्ष! एका शब्दाने तरी!"

"कसं सांगू?" तिचेही डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "रेवूचं दिसायला लागल्यापासून तुम्ही माणसात नव्हता. जेवत नव्हता, बोलत नव्हता. स्वातूला काउंटरवर उभी केली की तेवढं हसू यायचं तोंडावर. म्हटलं, एक तरी राहू दे तुमच्याकडं."

मी त्या चिंचेखाली, सगळ्या लोकांसमोर, मटकन खाली बसलो आणि हुंदके देऊन रडलो. गावातली माझ्या हातचे कपडे घालणारी अर्धी पोरं तिथे आई-बापांचं बोट धरून उभी होती. रेवती स्वतःच्या मनगटाकडे बघत होती. स्वाती माझ्या बाजूला उभी राहिली आणि तिने तळहात पुढे धरला.

माझ्या खिशात बटणं होती. मी पाच मोजली आणि दिली.

गुरुवारी आम्ही चौघं पुण्याला गेलो. डॉक्टरांनी दोघींना दोन दिवस तपासलं आणि दोघींचं एकच नाव सांगितलं, ऑटिझम. तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढे साताऱ्यात अशा मुलांसाठी एक लहानशी शाळा निघाली, तेव्हा मी फलटणचं दुकान मोडलं आणि आम्ही साताऱ्याला राहायला गेलो. पोरी सहा वर्षांच्या होत्या. मी शिंपी म्हटल्यावर त्या शाळेच्या गणवेशांचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. पस्तीस मुलं. कापड त्यांनी आधीच ठरवलेलं होतं, आणि ते निळं होतं.

पहिल्याच आठवड्यात तिथल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "हजेरीला स्वातीचं नाव घेतलं की कुणीच बोलत नाही," त्या म्हणाल्या. "रेवतीचं घेतलं की एकजण खणखणीत बोलते, पण ती स्वाती असते. असं का होतंय, काही सांगू शकाल?"

मला सांगावं लागलं. फ्रॉकपासून सगळं.

मग आम्ही ते पुसायला लागलो. जे शिकवायला मला तीन दिवस लागले होते, ते पुसायला किती लागतील, तर फार फार तर महिना, असं वाटलं होतं. रोज संध्याकाळी मी तिला निळा गणवेश घालून समोर उभी करायचो. "स्वाती म्हण. तुझं नाव स्वाती." ती माझ्या मागून म्हणायची, "तुझं नाव स्वाती." मग विचारलं, तुझं नाव काय, की "रेवती दत्तात्रय बगाडे," आणि हात पुढे. बटण नाही दिलं की डोकं भिंतीवर आपटायची. डोक्याला टेंगूळ आलं तेव्हा कुंदाने मला हात धरून बाजूला ओढलं. "बास झालं आता," ती म्हणाली. "अजून किती वेळा उलटीपालटी करणार आहात तिला?"

सात महिने त्या शाळेच्या वहीत स्वाती बगाडे गैरहजर होती. पोर रोज वर्गात बसत होती, आणि वहीत रोज काट. बोलता येणाऱ्या मुलाने आपल्या नावाला स्वतः ओ दिली तरच हजेरी, असा तिथला नियम होता.

शेवटी मी बाईंना विचारलं, एकीला पिवळा गणवेश घालू का? त्या हो म्हणाल्या. मी साधा पिवळा फ्रॉक शिवला, एकाच बाजूने घालायचा, आणि सोमवारी स्वतः दोघींना सोडायला गेलो. दारात उभा राहिलो. चौतीस निळी मुलं आणि एक पिवळी.

"स्वाती बगाडे," बाईंनी पुकारलं.

"स्वाती दत्तात्रय बगाडे," स्वाती भिंतीकडे बघत म्हणाली आणि तिने हात पुढे केला. बाईंनी त्यात एक बटण ठेवलं. ते त्यांनी आधीच काढून ठेवलेलं होतं.

"रेवती बगाडे."

कुणी बोललं नाही. इतके दिवस या नावाला दुसरीच ओ देत होती, त्यामुळे ती शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बाईंनी पेन तसंच धरून सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. रेवती खिडकीशी बसून पंख्याकडे बघत होती. बाई उठल्या, तिच्याजवळ गेल्या, तिला दिसेल असं तिच्यासमोर खाली बसल्या आणि थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. मग जागेवर परत आल्या आणि त्यांनी तिची हजेरी लावली.